काळ्या आकृतीतला काळा रंग

डिसेंबरातल्या धुकट सकाळी बंगळुरूतल्या बसवनगुडीच्या ब्यूगल रॉक या खडकावर कुणी चढलं आणि त्याच्या पाठीमागून सूर्य वर आला, की खालून पाहणाऱ्याला नुसती काळी आकृती दिसते. जलरंगात हा देखावा करणारे बरेच जण आभाळ, झाडं, धुकं जिवापाड जपतात आणि शेवटी ट्यूबमधल्या काळ्यानं माणूस भरून टाकतात. मग कागदाला माणसाच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं. माझ्या मते ही आकृती काळी नसतेच. आपल्या आणि तिच्या मधली हवा होऊ देईल तितकीच ती गडद असते. ती हवा उजळलेली असते आणि तिचा उजेड आकृतीवर पातळ पडद्यासारखा पसरतो. पायाखालचा नाइस जातीचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा, पण धुक्यात पन्नास पावलांवर तोही फिका पडतो. माणसाची काय कथा! लांबचं ते निळं, हा वर्गात शिकवला जाणारा नियमही इथे चालत नाही. स्वच्छ हवेचे सूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, धुक्याचे मोठे थेंब मात्र सगळे रंग जवळपास सारखेच. त्यामुळे कोवळं ऊन समोरून आलं की पडदा पिवळसर होतो. म्हणून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला गडद रंग बरा: तो पाण्यानं फिका करता येतो आणि उन्हाकडे झुकवायचा तर सिएना वाढवता येतो.

यावर कुणी म्हणेल, गडद आकृतीशिवाय चित्राला जोर कसा येणार? जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिट फ्रीडरिशनं 1818च्या सुमारास धुक्याच्या सागरावर पाठमोरा प्रवासी उभा केला, तो गडदच आहे. खरं, पण तो अगदी जवळ आहे, मधे धुकं नाही. आणि तरी त्याचा कोट हिरवट आहे, केस वाऱ्यावर उडालेले दिसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चेहराच नसेल तर माणूस कशाला? सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिवा हाती धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिथे चेहरा उजळतो, कारण ज्योत तिच्यासमोर आहे आणि आडोशाला धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो. ब्यूगल रॉकवरच्या माणसाचा दिवा त्याच्या पाठीशी आहे. त्याची ओळख उतरत्या खांद्यांतून, कानटोपीच्या गोलाईतून, मफलरच्या सुटलेल्या टोकातून पटवावी लागते. त्या कडा तेवढ्या कोरड्या ब्रशनं स्पष्ट ठेवाव्यात. पावलं मात्र ओल्या कागदावर खडकात मिसळू द्यावीत. धुकं तिथेच दाट असतं.