आईची हळदीची बोटं आणि चार आकडी कोड

घरच्या अलार्मला वायरलेस कीपॅड लावायचा का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तर आज माझ्याच घरची गोष्ट सांगतो. घर फर्दापूरला, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी. मी पुण्यात कोडिंग करतो, आईबाबा तिकडे.

झालं असं, की बाबा रिमोट खिशात घालून शेतात गेले. आई देवळातून आली, कुलूप काढलं आणि सायरन सुरू! अख्खी गल्ली गोळा, एक काका तर काठी घेऊन. त्या दिवसापासून आईनं अलार्म लावणंच सोडलं, आणि मला हे कळलं तीन महिन्यांनी. तोवर भिंतीवर नुसती शोभेची पेटी. अ‍ॅप आहे की, म्हणाल. पण लाइट गेली की वायफाय गेलं. आणि आईनं दारात उभं राहून आधी चष्मा शोधायचा, मग फोन?

म्हणून दिवाळीला कीपॅड घेऊन गेलो. जोडणं सोपं असतं. पॅनल लर्निंग मोडवर टाका, कीपॅडचं बटण दाबा, बीप आला की ओळख झाली. पण दाराजवळ नेला तर काहीच होईना. भिंत जुनी, दगडमातीची, आणि पॅनल बाबांनी लोखंडी कपाटामागे लपवलेलं. हा सेट 433 मेगाहर्ट्झवर चालतो. त्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी जातात, पण लोखंडी पत्रा त्यांना अडवतो. पॅनल कपाटापासून लांब, उंचावर लावलं आणि काम झालं.

आता खरी गोम. अशा स्वस्त सेटमधला कीपॅड फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याचा बीप म्हणजे 'मी निरोप पाठवला', 'पॅनलला मिळाला' असं नव्हे. आईला सांगितलं, कीपॅडच्या बीपवर जाऊ नकोस, आतल्या पॅनलचा आवाज ऐक. आणि कोड तपासायचं काम बऱ्याचदा कीपॅडच करतो, म्हणून तो दाराबाहेर लावू नका. आत लावा आणि दार उघडल्यावर सायरनला थोडा उशीर ठेवा. आईला चप्पल काढून कीपॅडपर्यंत यायला 22 सेकंद लागले. मी 45 ठेवले. चप्पल न काढता ये म्हटलं, तर नुसती बघत राहिली.

संक्रांतीला गेलो तर कीपॅडवर चारच बटणं पिवळी! हळद. चार आकडी कोड 10,000 होतात, पण कुठले चार आकडे हे कळलं की उरतात फक्त 24. मी पाचव्या प्रयत्नात उघडला. आई म्हणाली, "मग काय हात धुवून येऊ प्रत्येक वेळी?" बरोबर आहे तिचं. मग कीपॅड पुसायचं फडकं तिथंच अडकवलं, आणि एक आकडा दोनदा येईल असा कोड ठेवायला सांगितलं. तीनच बटणं मळतात, पण शक्यता होतात 36. गंमत आहे ना? फार मोठी सुरक्षा नाही ही, पण चुकीच्या कोडवर कीपॅड थोडा वेळ लॉक होत असेल तर पुरते.

आता आई रोज अलार्म लावते. नवा कोड काय, मलाही माहीत नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "तू आलास की बेल वाजव, मी आहे घरात."