बोगस कोण?

(नालासोपारा पूर्वेच्या एका बुद्धविहारात झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. वही आणलीय, पण उघडणार नाही. आज एका अर्जावर बोलतो. म्हणाल, अर्जावर काय बोलायचं? आपल्या वस्तीत कवितेपेक्षा अर्ज जास्त लिहिले जातात. आणि त्या अर्जांत आपण खोटं लिहितो. का लिहितो, कोण लिहायला लावतं, तेवढंच आज बोलायचंय.

मी गोदीत हमाल. शिक्षण मॅट्रिक. ठेकेदाराच्या टोळीत आहे. पहाटेच्या लोकलला लोंबकळायचं, गोदीच्या गेटवर उभं राहायचं. बोट लागली तर काम, नाही लागली तर घर. माझा बापही गोदीतच होता. एका पावसाळ्यात सिलिंगची वायर सुटली आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. बोटीने बोटं खाल्ली. ठेकेदार बोलला, ह्याचं नावच माझ्या मस्टरवर नाही. झालं. वीस वर्षं गोण्या वाहिलेला माणूस एका कागदावर नव्हता, म्हणून तो माणूसच नव्हता.

मग कुणीतरी बापाला सांगितलं, सरकारची योजना आहे. संजय गांधी निराधार अनुदान. १९८० साली अंतुल्यांच्या राज्यात सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, अपंग, ज्याला कुणी नाही त्याला महिन्याला पैसे. जुलै २०२३ पासून १५०० रुपये. बाप बोलला, नको, भीक वाटते. मी त्याला संविधान दाखवलं. कलम ४१. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व ह्यात माणसाला सरकारी मदत मिळायचा हक्क असावा, त्याची तजवीज राज्याने करावी, असं तिथे लिहिलंय. ऐपतीप्रमाणे, असंही लिहिलंय, आणि सरकार तेवढाच शब्द पाठ करून बसलंय. पण हक्क हा शब्द तिथे आहे. भीक हा नाही. बाप तयार झाला.

आता अर्ज कसा होतो ते ऐका. हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना वाटतं, मोबाईलवर दोन बटणं दाबली की काम झालं.

पहिलं, अपंगत्वाचा दाखला. १ जून २०२१ पासून हा दाखला फक्त ऑनलाईन. केंद्र सरकारचं स्वावलंबन नावाचं पोर्टल. तिथे नोंद करायची, मग तपासणी, मग डॉक्टर टक्के ठरवणार. ४० च्या खाली असाल तर कार्डाला पांढरी पट्टी, ४० च्या पुढे पिवळी, ८० च्या पुढे निळी. ४० टक्के भरले तरच योजना. जन्मभर आपल्याला जातीने मोजलं, आता टक्क्याने मोजतात.

नोंद करताना ओटीपी आला. कुठे आला? आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर. तो नंबर कधीच बंद झालेला. नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो. तिथला पोरगा बोलला, काका, अंगठा ठेवा.

बापाने हात पुढे केला. पोरगा बघतच राहिला.

दुसऱ्या हाताची बोटं ठेवली. यंत्र घेईना. गोण्या वाहून, मीठ आणि सिमेंट उचलून बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. माझीही घेत नाही, विचारा. आपल्या बापजाद्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं. शिकू दिलं नाही, मग अंगठा उठवतो म्हणून हसले. आणि आज त्याच सरकारदरबारी अंगठा नाही म्हणून माणूस अडतो. एकलव्याकडून अंगठा मागितला तो गुरुदक्षिणेत. इथे अर्जासोबतच मागतात.

नियम असा नाहीये, हे लक्षात ठेवा. बोटं नसलेल्या माणसासाठी आधारमध्ये अपवादाची सोय आहे, डोळ्याची बुबुळं आहेत. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्ट बोललं, ओळख पटली नाही म्हणून हक्कदाराला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. पण कोर्टाचा निकाल केंद्रावरच्या पोराला कुणी शिकवला नाही. तोही आपल्यासारखाच कमिशनवर जगणारा. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या केंद्रावर एका बाईने बुबुळं घेऊन काम केलं. पाच मिनिटांत.

लक्षात घ्या, हे आधार आपल्याच राज्यातून सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. पहिला नंबर एका आदिवासी बाईला दिला. पंतप्रधान आले, फोटो निघाले. म्हणजे सुरुवात आपल्या माणसांच्या फोटोनेच करतात. रांगेत शेवटीही आपलीच माणसं.

मग तपासणी. डहाणू लोकल पकडायची, वैतरणा, सफाळे, केळवे रोड करत पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. का? तर लोकांना जिल्ह्याचं ठिकाण जवळ पडावं म्हणून. ऑनलाईन अर्ज करूनही बापाने तीन खेपा मारल्या. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव ह्यात एक काना कमी. तीन दिवस माझी हजेरी बुडाली. शेवटी ४२ टक्के. घरी येऊन बाप हसला. बोलला, पास झालो.

इथवर नुसता त्रास आहे. त्रास आपण सहन करतो, सवय आहे. आता खरी गोष्ट.

उत्पन्नाचा दाखला.

नियम काय सांगतो? निराधार योजनेत यायचं तर सगळ्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. अपंग असेल तर ५०,००० च्या आत. गणित करा. २१,००० म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. एका माणसाला नाही, अख्ख्या घराला. ५०,००० म्हणजे दिवसाला १३७ रुपये. नालासोपाऱ्यात चाळीतल्या एका खोलीचं भाडं किती आहे, तुम्हाला माहीत आहे. १३७ रुपयांत घरभाडं, लाईटबिल, रेशन, पास, औषध. असं घर वसईपासून विरारपर्यंत दाखवा. ज्याचं घर एवढ्यावर चालतं तो अर्ज करायला जिवंत नसतो.

मी कमावतो महिन्याला बारा-तेरा हजार, तेही बोट लागली तर. म्हणजे माझा हातपाय धड असणं हा माझ्या बापाचा गुन्हा.

आता ह्याच सरकारची दुसरी योजना बघा. २०२४ ची लाडकी बहीण. तिथे कुटुंबाची मर्यादा अडीच लाख. माझ्या आईला ते १५०० मिळाले. आईला मिळाले ह्याचा मला राग नाही, आईचा हक्कच आहे तो, जास्त मिळायला पाहिजे. पण हिशोब बघा. एक खोली, एक चूल, एक रेशनकार्ड. त्या खोलीत बायको अडीच लाखापर्यंत गरीब. आणि तिचा बोटं तुटलेला नवरा पन्नास हजाराच्या वर गेला की श्रीमंत. एकाच सरकारने एकाच घरात दोन पट्ट्या लावल्या. का? २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. बायांची मतं मोजता येतात. तुटलेली बोटं किती आणि कुठल्या मतदारसंघात, ते कोण मोजतंय?

दाखला काढायला गेलो तेव्हा तिथला माणूस सहज बोलला, "एकोणपन्नास टाकू की अठ्ठेचाळीस?" जसं चहात साखर किती विचारतात तसं. त्याला माहीत, तलाठ्याला माहीत, सही करणाराला माहीत, की हा आकडा खोटा आहे. नालासोपाऱ्यात सगळ्यांचं उत्पन्न एकोणपन्नास हजारच असतं.

बाप अडला. बोलला, "माझी बोटं खरी गेलीत. मग खोटं कशाला लिहायचं?"

मी खरं लिहिलं. दीड लाख. अर्ज फेटाळला. कारण एका ओळीत : उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

त्या रात्री आई माझ्याशी बोलली नाही. सकाळी डबा देताना एवढंच बोलली, "तुझ्या खऱ्यावर चूल पेटंल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. शेजारच्या विधवा मावशीने एकवीस हजारांच्या आत दाखवलं, तिचं अनुदान सुरू आहे, नातीची फी त्यातून जाते. मी तिला खोटारडी म्हणू? माझी हिंमत नाही आणि माझा अधिकारही नाही.

दुसऱ्या वेळी मी अठ्ठेचाळीस हजार लिहिलं. माझ्या हाताने. आता अर्ज तालुक्याच्या समितीपुढे पडून आहे. हेही माहीत नसेल तर ऐका. ऑनलाईन सगळं झालं तरी शेवटी मंजुरी समितीची बैठक देते. तहसीलदार सचिव, आणि अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्याच्या मर्जीतला माणूस. बैठक कधी लागेल ते कुठल्या पोर्टलवर दिसत नाही.

संपादकांना सांगतो, हे वाक्य काढू नका, छापा. मी खोटं लिहिलं. उद्या कुणी म्हणेल बोगस लाभार्थी. च्यायला, बोगस कोण? ज्याची बोटं खरोखर नाहीत तो? की दिवसाला १३७ रुपयांत घर चालतं असं छापील लिहून देणारं सरकार? आधी असा नियम करायचा की गरिबाला खोटं बोलल्याशिवाय आत येता येऊ नये. मग त्या खोट्याची दोरी त्याच्या गळ्यात ठेवायची. त्याने मोर्चात यायचं नाही, नगरसेवकाला उलट बोलायचं नाही, का? तर अर्ज उघडून बघू. ही दोरी ओळखा. अनुदानाचे १५०० देऊन आपलं तोंड विकत घेतात ते असं.

आता नावाचं बोलतो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधान रेडिओवर बोलले, विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. दिव्य अंग. माझ्या बापाच्या तुटक्या अंगठ्यात काय दिव्य आहे? हे आपण आधी पाहिलंय. आपल्याला हरिजन म्हणाले. देवाची माणसं. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्याच नावाच्या निषेधात बाबासाहेब सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचं नाव चिकटवलं की माणसाचा हक्क द्यायची घाई राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि हक्काचा कायदा आहे. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, कलम २४. तिथे स्पष्ट लिहिलंय, अशा योजनांत अपंगाला इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यायची. १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५. जुलै २०२३ पासून सगळ्यांना सरसकट १५०० दिले. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांचे २५०० केले. चांगलं केलं. पण मधली सव्वादोन वर्षं महिन्याला ३७५ रुपये कुणी खाल्ले? तो नियम मोडणारा बोगस नाही? आणि दिल्लीचं सरकार अपंगाला किती देतं? ८० टक्क्यांच्या पुढे अपंगत्व असेल, दारिद्र्यरेषेखाली असाल, तर महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून ३००. तेवढ्यात आज गॅसचा सिलेंडरही येत नाही.

आता शेवटचं. स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला आपला स्तूप आहे. सोपारा हे जुनं बंदर. आमच्यासारखे हमाल तिथेही असतीलच. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप खणला, आणि त्याच साली इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठवा लेख काय सांगतो? आधीचे राजे शिकारीला फिरायचे. अशोक धम्मयात्रेला निघाला. म्हाताऱ्यांना जाऊन भेटायचं, त्यांना धन द्यायचं, गावोगावच्या माणसांना भेटायचं. बावीसशे वर्षांपूर्वी राजा म्हाताऱ्याच्या दारात जायचा. इथे, आपल्या सोपाऱ्यात, दगडावर कोरलंय. आणि आज आपला म्हातारा तुटका हात घेऊन पालघरला तीन खेपा घालतो.

तर करायचं काय? रडायला बोलावलेलं नाही तुम्हाला. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे. दर रविवारी ह्याच विहारात टेबल लावायचं. फुकट अर्ज भरायचे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, नंबर वहीत लिहायचा. यंत्र अडलं तर तोंडी उत्तर घ्यायचं नाही, लेखी मागायचं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिडने डोळे जळालेल्या बायका कोर्टात गेल्या होत्या. बँकेचं यंत्र त्यांना सांगत होतं, डोळा मिचकावा. त्या भांडल्या. आपण का नाही?

आणि एक मागणी घेऊन आपण वसईच्या तहसीलवर जायचं : लाडक्या बहिणीला जी अडीच लाखाची पट्टी, तीच निराधाराला आणि अपंगाला. जास्त काही नको. म्हणजे शेजारच्या मावशीला खोटं लिहावं लागणार नाही, आणि मलाही नाही.

मी त्या मोर्चात सगळ्यांत पुढे असेन. अर्ज उघडून बघायचाय त्यांनी खुशाल बघावा. माझ्या बापालाही सोबत आणीन. त्याने उजवा हात वर केला की घोषणा वेगळी द्यायला नको.

जय भीम.