चौलचा वेढा आणि एका मुलाचा प्रश्न



आमच्या अमडापूरला बल्लाळदेवीच्या टेकडीवर उभं राहिलं की चहूबाजूंना काळ्या मातीची शेतं दिसतात. समुद्र इथून फार लांब. गावातली कितीतरी म्हातारी माणसं समुद्र न पाहताच गेली. तरीही आज मी एका समुद्रकाठच्या शहराला पडलेल्या वेढ्याविषयी बोलणार आहे. तो वेढा फसला, आणि त्यानंतर तीनच वर्षांत आपल्या वऱ्हाडाचं राज्य बुडालं.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. एकदा वर्गात चौलच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. मुलं रंगून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, पण यात आपले कोण?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो," म्हणालो. ते सांगायचं राहूनच गेलं. ते उत्तर आज देतो आहे असं समजा.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी समुद्राला मिळते, तिथे चौल आणि रेवदंडा ही जोडगावं आहेत. सोळाव्या शतकात वरचं चौल अहमदनगरच्या निजामशहाचं आणि खालचं, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगिजांचं. पोर्तुगीज तिथे जबरदस्तीनं घुसले नव्हते. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहानंच त्यांना किल्ला बांधायची परवानगी दिली. कारण घोडे! लढाईचा चांगला घोडा दख्खनच्या हवेत निपजत नसे. तो अरबस्तान-इराणकडून जहाजानं यायचा आणि ती वाट पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. घोडे चौलच्या बंदरात उतरावेत म्हणून सुलतानानं त्यांना जागा दिली.

पुढे १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. त्या लढाईत वऱ्हाडची इमादशाही सामील नव्हती, हे लक्षात ठेवा. विजयनगर संपल्यावर नजर किनाऱ्याकडे वळली. विजापूरच्या अली आदिलशहानं गोव्यावर जायचं, मुर्तजा निजामशहानं चौलवर आणि कालिकतच्या सामुतिरी राजानं मलबारातल्या पोर्तुगिजांवर, असा बेत ठरला.

याला धर्मयुद्ध म्हणायचं का? दोन्ही बाजूंनी तसं म्हटलं गेलं, आणि ते नुसतं सोंग नव्हतं. गोव्यात देवळं पाडली गेली होती, १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आलं होतं. मक्केला निघालेल्या यात्रेकरूंनासुद्धा पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागे आणि त्यावर ख्रिस्ती चित्रं असत. श्रद्धावान माणसाला ते किती झोंबत असेल! तिकडे युरोपातही हाच काळ धगधगत होता. १५६५ मध्ये माल्टा बेटाला तुर्कांनी घातलेला वेढा फसला होता. १५७१ च्या ऑक्टोबरात लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्कांचा पराभव झाला. या दोहोंच्या मध्ये आपलं चौल येतं.

१५७० सरता सरता फरहादखान हा सरदार आघाडीची फौज घेऊन चौलसमोर आला. पाठोपाठ जानेवारीत खुद्द मुर्तजा आला. वयानं तरुण, राज्यकारभार नुकताच आईच्या, खुंजा हुमायूनच्या, हातून काढून घेतलेला. आपलं कर्तृत्व दाखवायची त्याला घाई असणारच. त्याची फौज दीड लाखाच्या घरात होती, असं पोर्तुगीज लेखक लिहितात. जिंकणारे शत्रूचा आकडा फुगवतात, तेव्हा त्यातून हवं तेवढं वजा करा. तरीही फौज प्रचंड होती आणि शहरात लढणारे सुरुवातीला हजाराच्या आसपास.

शिवाय शहराला पुरता तट नव्हता. रेवदंड्याला आज जी तटबंदी दिसते, ती बरीचशी या वेढ्यानंतरची. मग घरं आणि मठ हेच बुरूज झाले. तोफांनी भिंत पाडायची, आतल्यांनी तिच्यामागे दुसरी उभारायची. एकेका घरासाठी माणसं मरत होती. गोव्यात व्हाइसरॉय लुईस द अताईद स्वतःच आदिलशहाच्या वेढ्यात सापडला होता. चौल सोडून द्या, निदान गोवा वाचेल, असा सल्ला त्याला मिळाला. त्यानं तो मानला नाही. गोव्यातली माणसं कमी करून त्यानं चौलकडे जहाजं पाठवली.

वेढ्याचं मर्म इथेच आहे. वेढा म्हणजे कोंडणं. पण मुर्तजाची फौज जमिनीवर होती आणि चौलच्या एका बाजूला पाणी होतं. त्या बाजूनं धान्य येत होतं, दारूगोळा येत होता, ताजी माणसं येत होती. सामुतिरीचं आरमार एका रात्री बंदरात शिरलं खरं, पण काही दिवसांनी निघून गेलं. ज्या दिशेला कुलूप लावायला हवं होतं ती उघडीच राहिली.

दुसरी फट तर छावणीतच होती. इतिहासकार फरिश्ता पुढे याच मुर्तजाच्या चाकरीत होता. तो लिहितो, की निजामशाही सरदार पोर्तुगिजांच्या नजराण्यांना, विशेषतः मद्याला, वश झाले आणि रात्री आत रसद जाऊ देत राहिले. दिवसा धर्मासाठी तोफा डागायच्या आणि रात्री त्याच शत्रूच्या पिंपातली दारू घ्यायची!

२९ जून १५७१ रोजी शेवटचा मोठा हल्ला झाला. तोही परतवला गेला. जुलैत तह झाला आणि मुर्तजा परत फिरला. गोव्याचा वेढाही फसला. या सगळ्या मोहिमेत यश मिळालं ते एकट्या सामुतिरीला. त्यानं त्याच वर्षी मलबारातला चालियमचा पोर्तुगीज किल्ला घेतला, कारण तिथे आतल्यांचं अन्न संपलं होतं. हा राजा हिंदू आणि त्याचे नामांकित आरमारी सरदार मुसलमान. मलबारचा पंडित शेख झैनुद्दीन यानं पोर्तुगिजांविरुद्ध लढा म्हणून सांगणारा ग्रंथ लिहिला, तो अली आदिलशहाला अर्पण केला, आणि त्यात या हिंदू राजाची स्तुती केली. धर्मयुद्धाच्या नावाखाली माणसांचे संबंध किती गुंतलेले असतात, ते यावरून दिसावं.

आता वऱ्हाडाकडे येऊ. समुद्रावर हात पोळल्यावर मुर्तजानं मोर्चा इकडे वळवला. विजापूरशी समझोता झाला, की वऱ्हाड त्यानं घ्यावं आणि आदिलशहानं कर्नाटकात तेवढाच मुलूख घ्यावा. निमित्तही तयार होतं. तुफालखान नावाच्या सरदारानं बालराजा बुऱ्हाण इमादशहाला कैदेत ठेवून सत्ता बळकावली होती. मुर्तजा त्याला सोडवायला म्हणून आला. १५७४ मध्ये नरनाळा पडला, तुफालखान हाती लागला, आणि सोडवलेल्या राजाला गादी काही मिळाली नाही. त्यालाही कैदेत टाकलं आणि तो तिथेच मेला. नरनाळ्याला समुद्राची बाजू नव्हती.

या वेळी धर्माचं नाव घ्यायची सोय नव्हती. दोन्ही घराणी मुसलमान. आणि फरिश्ता सांगतो ते खरं, तर दोन्हींचे मूळ पुरुष जन्मानं हिंदू. निजामशहाचे पूर्वज तर आपल्या पाथरीचे ब्राह्मण. तरी फौज तीच, वेढा तोच, जळालेली शेतंही तशीच.

आणखी बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, मुर्तजाची बहीण चांदबिबी अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवत होती. बाई शूर, किल्ला पडू दिला नाही. पण वेढा उठवण्याची किंमत म्हणून मोगलांना काय दिलं? वऱ्हाड. एक वेढा फसल्यावर वऱ्हाड गिळलं गेलं, दुसरा फसल्यावर ते देऊन टाकलं गेलं. दोन्ही वेळा इथल्या कुणब्याला कोणी विचारलं नाही. सारा कोणाच्या कचेरीत भरायचा, एवढंच बदललं.

तेव्हा त्या मुलाला मी आज सांगेन, की बाळा, या गोष्टीत आपले कोण ते झेंडे पाहून ठरवू नकोस. ज्यांच्या गावांचा सौदा झाला ते आपले. चौलची जी घरं तोफांनी पडली, त्यांत राहणारेही आपलेच.

कधी रेवदंड्याला गेलात तर खाडीपलीकडच्या कोर्लई गावातही जा. तिथली ख्रिस्ती कुटुंबं घरात एक बोली बोलतात. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. ज्यांच्या पूर्वजांना कोणीतरी शत्रू म्हणून मोजलं असेल, ती माणसं आज बाजारात आपल्याशी मराठीत भाव करतात आणि घरी जाऊन 'आपली भाषा' बोलतात.

'आपले' या शब्दाला तट नसतो, एवढं त्या मुलाला वर्गातच सांगायला हवं होतं.