गावोगावची क्षयरोग तपासणी



आपल्या वाडवडिलांच्या काळी राजयक्ष्म्याचे नाव घरात मोठ्याने घेतले जात नसे. रोग्याची खोली वेगळी, ताटवाटी वेगळी. आणि घरात सोयरिकीची बोलणी चालू असली की त्या खोलीचे दारही लोटलेले. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाचा जंतू जगापुढे मांडला. पण लोकलज्जा त्या जंतूहून चिवट निघाली.

खेडूत अडाणी, तो दवाखान्याची पायरी चढत नाही, असा समज शिकलेल्यांत पूर्वापार आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डॉ. बॅनर्जी व डॉ. आंडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर चौकशी करून १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा हा समज उघडा पडला. थुंकीत जंतू सापडलेल्या बहुतेकांना आपल्या दुखण्याची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथून ते परतले ते बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन! अपराध कोणाचा, हे सांगावयास नकोच. दवाखान्यात आलेल्याची थुंकी तेथल्या तेथे तपासावी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया या अभ्यासाने भक्कम केला.

परंतु जो खोकतच नाही त्याचे काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, सापडलेल्या रुग्णांपैकी शेकडा ४२.६ जण नुसत्या लक्षणांच्या चौकशीतून निसटले असते. क्ष-किरण चित्रामुळेच ते हाती लागले. शिवाय, लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते. म्हणून यंत्राने गावात यावे, हे ओघानेच आले.

पूर्वी त्यासाठी अवजड मोटारगाडी लागे. आता हातात धरता येणारे, बॅटरीवर चालणारे क्ष-किरण यंत्र शाळेच्या ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेतही मांडता येते. चित्रातली सावली म्हणजे क्षयच, असे मात्र नव्हे. जुना व्रणही तसाच दिसतो. म्हणून थुंकी तपासावी लागते, आणि ती नुसती लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. त्यातील जंतू ओळखणारे 'ट्रूनॅट' हे छोटे यंत्र गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो कंपनीचे आहे, ही गोमंतकीयांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट.

निदान झाले म्हणून घर सोडावे लागत नाही. मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ सालीच दाखवून दिले की, नियमित औषध घेणारा रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो आणि त्यापायी घरच्यांना अधिक लागण होत नाही. ती लोटलेली खोली तेव्हाच उघडावयास हवी होती.

तरीही शिबिराच्या रांगेत काही घरची माणसे दिसत नाहीत. सून म्हणते, खोकला चुलीच्या धुराचा. सासरे म्हणतात, विडीचा. कित्येकदा घरंदाज म्हणविणारी घरेच मागे राहतात. आलेल्यांची नावे वहीत आपोआप चढतात. न आलेल्यांची यादी आरोग्यसेविकेने वेगळी करावी, आणि त्या उंबरठ्यांवर तिच्यासोबत गावातील एखाद्या वडीलधाऱ्या महाजनाने दिवेलागणीच्या आधी जाऊन यावे.