जुन्या पद्मिनीचा रंग जुळवताना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही काही घरांत जिवापाड जपलेली दिसते. तिचं मडगार्ड चेपलं, तर पत्रा ठोकून सरळ करता येतो. खरी कसोटी लागते ती रंगाची.

कंपनीचा मूळ रंग मिळाला तरी तो जुळेलच असं नाही, कारण उन्हाने गाडीचा रंग विटलेला असतो. संपूर्ण गाडी रंगवायची असेल, तर डिकीच्या आत किंवा दाराच्या रबराखाली ऊन न लागलेला मूळ रंग शोधा. पण एकच भाग रंगवायचा असेल, तर नमुना शेजारच्या पत्र्याचाच घ्या. आधी तिथे हलकं कंपाऊंड मारा. वरचा निस्तेज थर गेल्यावरच खरी छटा दिसते.

रंग ओला असताना निर्णय घेऊ नका. पत्र्याच्या तुकड्यावर फवारा, पूर्ण वाळू द्या आणि उन्हात व सावलीत गाडीशेजारी धरून पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसू शकतो. खालच्या प्रायमरचा रंगही छटा बदलतो, म्हणून नमुन्याला तोच प्रायमर हवा.

आणि रंगाऱ्याला घाई करू नका. त्याला नमुन्यासाठी एक दिवस जास्तीचा जरूर द्या.