वेल्श भाषेचा लढा आणि श्रमिकांची भाकरी



भाषेचा प्रश्न हा सुस्थित मध्यमवर्गाचा विषय आहे, श्रमिकांचा प्रश्न भाकरीचा आहे, असे पुरोगामी वर्तुळात वारंवार बोलले जाते. आधी भाकरी मिळू द्या, मग भाषेचे पाहू, हा त्याचा मथितार्थ. या भूमिकेची कसोटी वेल्समध्ये लागली. कोळसा, पोलाद आणि लढाऊ कामगार चळवळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या या छोट्या देशाचा भाषिक इतिहास डोळसपणे पाहिला, तर भाकरी आणि भाषा यांची अशी फारकत करता येत नाही, हे स्पष्ट होते.

वेल्श ही केल्टिक कुळातील भाषा. इंग्रजीहून ती सर्वस्वी वेगळी, आणि ब्रिटनच्या भूमीवर इंग्रजीच्या आधीपासून नांदत आलेली. आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३६ साली वेल्स इंग्लंडला कायद्याने जोडण्यात आला. न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श वापरणाऱ्यास सरकारी अधिकारपद बंद झाले. वरच्या वर्गाने लवकरच इंग्रजीची कास धरली. भाषा उरली ती शेतकरी, गवंडी, विणकर यांच्या घरांत. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी केलेले बायबलचे समग्र वेल्श भाषांतर प्रसिद्ध झाले आणि या भाषेला एक प्रमाण रूप लाभले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने गावोगाव फिरत्या शाळा चालवल्या. त्यांतून हजारो सामान्य माणसे स्वभाषेत वाचू लागली. राज्यसत्तेने टाकलेली भाषा अशा रीतीने प्रार्थनामंदिरांनी आणि रविवारच्या शाळांनी सांभाळली.

या परिश्रमांची सरकारदरबारी काय किंमत होती, हे १८४७ साली दिसले. वेल्समधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी तीन इंग्रज आयुक्त नेमले गेले. तिघांनाही वेल्श येत नव्हते. वेल्श भाषा ही जनतेच्या नैतिक आणि व्यापारी प्रगतीतील अडसर आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निळ्या वेष्टनातील तो अहवाल ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने वेल्श इतिहासात कुप्रसिद्ध आहे. त्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवण्याची प्रथा होती. ती फळी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाई आणि शेवटी जिच्यापाशी उरे त्या मुलाला छडी मिळे. आपली भाषा ही लाजेची गोष्ट आहे, हा धडा मुलांना एकमेकांवर पहारा ठेवायला लावून शिकवला गेला.

मग ही भाषा त्याच शतकात नामशेष कशी झाली नाही? याचे एक उत्तर ब्रिन्ली टॉमस या वेल्श अर्थशास्त्रज्ञाने दिले. आयर्लंडमधील अतिरिक्त ग्रामीण लोकसंख्येला मायदेशी काम नव्हते. ती अमेरिकेला गेली आणि तिच्याबरोबर आयरिश भाषेचा पायाच खचला. वेल्समध्ये मात्र दक्षिणेकडील लोखंडाच्या भट्ट्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी खेड्यांतील माणसांना देशातच सामावून घेतले. खाणगावांत वेल्श प्रार्थनामंदिरे, वृत्तपत्रे, गायनवृंद आणि काव्यस्पर्धा यांची भरभराट झाली. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारांची संख्या सुमारे ९ लाख ७७ हजार होती. एवढी मोठी संख्या त्यापूर्वी वा त्यानंतर कोणत्याही जनगणनेत नोंदली गेलेली नाही. तथापि याच उद्योगांनी इंग्लंडमधूनही मजूर ओढून आणले आणि लोकसंख्येतील वेल्श भाषकांचे प्रमाण तोवर ४३–४४ टक्क्यांवर उतरले होते. उद्योगाने भाषेला बळ दिले आणि तिच्यासमोर स्पर्धकही उभा केला.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाचा बाजार कोसळला. दोन महायुद्धांच्या दरम्यान चार लाखांच्या आसपास माणसे वेल्स सोडून गेली. जी मागे राहिली त्यांतील अनेक आईबापांनी मुलांशी इंग्रजीत बोलण्यास सुरुवात केली. कारण बेकार बापाच्या दृष्टीने वेल्श ही घरी राहणाऱ्याची भाषा होती आणि मुलाला तर घर सोडावेच लागणार होते. त्या आईबापांना भाषाद्रोही म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी बाजाराचा निकाल तेवढा वाचला होता.

या टप्प्यावर कामगार चळवळीची जबाबदारी काय होती? मजूर पक्षाचे थोर नेते अन्यूरिन बेव्हन यांचे वडील वेल्श बोलणारे खाणकामगार. स्वतः बेव्हन इंग्रजीतच वाढले. १९४४ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वेल्सच्या प्रश्नांवर खास चर्चा झाली, तेव्हा कोळसा आणि पोलाद यांचे प्रश्न दोन्ही देशांत सारखेच आहेत, त्यांत वेगळे वेल्श काय, असा त्यांचा रोख होता. खाणमालकाचे शोषण भाषा पाहून होत नाही, हे खरेच. परंतु ज्या कामगाराला स्वतःच्या गावच्या कचेरीत स्वतःच्या भाषेत कागद मिळत नाही, त्याच्या अवहेलनेचे उत्तर या युक्तिवादात नव्हते.

ते उत्तर एका खाणकामगाराच्याच घरातून आले. लानेलीजवळच्या लानगेनेख गावी राहणारे ट्रेव्हर व आयलीन बीझली हे दाम्पत्य. त्या भागातील बहुसंख्य रहिवासी वेल्श बोलत. १९५२ साली बीझलींनी स्थानिक कराची मागणीपत्रे वेल्शमध्ये मागितली आणि ती मिळेपर्यंत कर भरणार नाही, असे कळवले. डझनभराहून अधिक वेळा त्यांना न्यायालयात खेचण्यात आले. बेलिफांनी पियानोसकट घरातील सामान जप्त करून नेले. आठ वर्षांनी, १९६० साली, परिषदेने द्वैभाषिक मागणीपत्र दिले. एका कागदासाठी एवढा अट्टहास का, असे विचारणारे तेव्हाही होते. पण राज्यसंस्था सामान्य माणसाला भेटते ती अशा कागदातूनच.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी नाटककार सॉन्डर्स लुईस यांनी नभोवाणीवरून भाषेच्या भवितव्यावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी बीझली दाम्पत्याचाच दाखला दिला आणि हा मार्ग सामुदायिक व्हावा, असे आवाहन केले. त्याच वर्षी तरुणांनी वेल्श भाषा सोसायटी स्थापन केली. इंग्रजी रस्तापाट्या रंगाने पुसणे, रस्त्यावर ठिय्या देणे, दंड न भरता तुरुंगात जाणे, ही त्यांची साधने होती. दूरचित्रवाणीवर वेल्श वाहिनी देण्याचे आश्वासन कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने मोडले, तेव्हा सुमारे दोन हजार लोकांनी दूरचित्रवाणीचे परवानाशुल्क न भरण्याचा निर्धार केला आणि १९८० साली वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विन्व्हॉर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाची घोषणा केली. उपोषण सुरू होण्याआधीच सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ती वाहिनी सुरू झाली. याच काळात, १९७९ पासून, काही गुप्त गटांनी इंग्रजांची सुट्टीची घरे जाळण्याचे सत्र आरंभले होते. पण भाषेला टिकाऊ असे जे मिळाले ते या उघड, शिक्षा पत्करणाऱ्या सत्याग्रहाने मिळवून दिले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर यश मोठे आहे. १९६७ आणि १९९३ चे भाषा कायदे, २०११ साली अधिकृत भाषेचा दर्जा, २०५० पर्यंत दहा लाख भाषक करण्याचे २०१७ साली जाहीर झालेले उद्दिष्ट आणि शिक्षणासंबंधीचा २०२५ चा कायदा, ही त्याची पायरीपायरीने झालेली वाढ. १९३९ साली अ‍ॅबरिस्टविथ येथे सात मुलांनिशी सुरू झालेल्या वेल्श माध्यमाच्या शाळेचा आज मोठा विस्तार झाला असून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील असंख्य मुले तिथे आपणहून येतात.

आणि तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्केच, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार, निघाले. राजधानी कार्डिफमध्ये, जिथे शाळा आहेत आणि नोकऱ्याही आहेत, तिथे प्रमाण वाढले. कारमार्दनशायरमध्ये, जिथल्या खाणी मिटल्या, तिथे २००१ साली निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ साली ते चाळीस टक्क्यांच्या आत आले. ग्विनेदमध्ये अजून जवळजवळ दोनतृतीयांश लोक वेल्श बोलतात, पण तेथील किनाऱ्यावर शहरी श्रीमंतांची सुट्टीची घरे वाढली आणि स्थानिक पगारात घर घेणे तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले. म्हणूनच अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करापेक्षा ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर बसवण्याचा अधिकार २०२३ पासून स्थानिक परिषदांना देण्यात आला आणि ग्विनेदने त्या वर्षी तो १५० टक्के लावला. भाषेच्या चळवळीला अखेर जमीन, घर आणि रोजगार या प्रश्नांपाशी यावे लागले.

वेल्सच्या या अनुभवात कार्यकर्त्यांसाठी दोन इशारे आहेत. भाषा ही नंतर पाहण्याची गोष्ट मानणाऱ्या कामगार चळवळीने आपल्याच माणसांच्या अपमानाकडे पाठ फिरवली. आणि केवळ पाट्या, शाळा व वाहिनी यांवर विसंबणाऱ्या भाषाचळवळीला गावे ओस पडताना पाहावी लागली. ग्विनेदमधील एखाद्या तरुण जोडप्याला आपल्या गावात परवडणारे घर आणि बारमाही काम मिळाले, तर त्यांची मुले अंगणात वेल्शमध्ये भांडतील, खेळतील. ते घर आणि ते काम मिळवून देणे हा समाजवादी चळवळीचाच कार्यक्रम आहे आणि भाषेच्या लढ्याची पुढची आघाडीही तिथेच उघडली आहे.