पाकिटातले जिवाणू आणि आपला प्लॉट
(प्लॉटधारकांच्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



दिवाळीच्या सुमारास आपली माणसं टोळीबरोबर सातारा-सांगलीकडं ऊसतोडीला जातात. कराड, वाळवा, फलटण ही नावं आपल्या पोरांनाही पाठ आहेत. ऊस कारखान्याला जातो, वाढं आपण विकतो, आणि पाचट फडातच राहतं. एकरी तीन-चार टन. पुष्कळ शेतकरी त्याला काडी लावतात. त्यातला कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातं.

काही शेतकरी मात्र जाळत नाहीत. फलटण तालुक्यात पाडेगावला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्र आहे, १९३२ सालापासूनचं. पाचट कुजवायला विद्यापीठाची शिफारस अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट कल्चर. खोडव्याच्या सरीत हे टाकून पाणी द्यायचं. पाचट तिथंच कुजतं.

कल्चर म्हणजे काय? ट्रायकोडर्मासारखी बुरशी आणि जिवाणू. पाल्यातला चिवट भाग ते खातात. पण पाचटात कर्ब फार, नत्र कमी. म्हणून तो युरिया जिवाणूंचा शिधा आहे. शिध्याशिवाय टोळी राबत नाही, तसंच हे. म्हणजे पाकीट हे खत नव्हे. पाकिटात मजूर आहेत. त्यांना शिधा, पाणी आणि हवा आपण द्यायची.

आता आपल्या प्लॉटवर बघू. आपल्याकडं पाटाचं पाणी नाही, युरियाला पैसा नाही. पण निंदणीचं तण, मक्याची ताटं, पालापाचोळा आहे. शेण, गोमूत्र, लेंड्या आहेत. नत्र त्यातून मिळतं.

पाऊस संपता संपता, ओल असतानाच सावलीत ढीग लावा. ताटं बारीक तोडून भिजवा. वीतभर कचरा, त्यावर शेणकाला, वर थोडी माती, असे कमरेएवढे थर. कल्चर शेणकाल्यातच कालवा. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्यानं आत काठी खुपसून बघा. काठी गरम लागली तर काम चालू आहे. थंड असेल तर पाणी तरी कमी आहे, नाहीतर शेण. तोडीला निघायच्या आधी एकदा ढीग उलटा, पाणी मारा, पाल्यानं झाका. पुढं अधूनमधून पाणी मारायला घरची म्हातारी माणसं आहेत. तुम्ही परत याल तेव्हा खत काळं, भुसभुशीत झालेलं असेल. त्याला मातीचा वास येईल. ते पेरणीआधी पसरा, आणि एक पाटी मागं ठेवा. पुढच्या ढिगाला तेच विरजण. दरवर्षी पाकीट विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही.

मग हे आपण आधीच का नाही केलं? आळस म्हणून नाही. कंपोस्ट एका पावसात सगळं देत नाही, दोन-चार वर्षांत जमीन सुधारते. उद्या हुसकतील या भीतीत जगणारा माणूस कुणासाठी खत कुजवणार? वनहक्क कायदा २००६ चा. त्यानं मिळालेला पट्टा विकता येत नाही, पोराबाळांना वारसानं जातो. मग जमीन सुधारण्याची मेहनत आपल्याच घरात राहते. म्हणून दाव्याचं काम आणि खताचं काम ही दोन कामं नाहीत.

दुसरं, उचल. बी-खतासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता सुटत नाही. खताचा खर्च कमी झाला तर उचल तेवढी कमी घ्यावी लागेल.

शेवटी, जंगलातला पाला सगळा ओरबाडायचा नाही. झाडालाही खत लागतं. कुठून किती आणायचा हे ग्रामसभेत ठरवा. या पावसाळ्याअखेर प्रत्येक पाड्यावर निदान एक ढीग लागला पाहिजे. ज्यांचे दावे अडकलेत त्यांनीही लावा.

जिंदाबाद!